सुळ्याच्या कड्यावरचं पिल्लू

पाखऱ्याच्या पायांना दोर बांधून झाला तेव्हा बा पुढं आला आणि म्हणाला, "तोंड डोंगराकडं करा त्याचं. घराकडं नको."

बैल मेलेला होता. त्याला घर काय आणि डोंगर काय. पण हिरामणनं दोर सैल केला, आम्ही पाखऱ्याला अंगणातच वळवून घेतलं आणि ट्रॉलीत चढवायला शेजारची माणसं बोलावली. ट्रॉली सुळ्याच्या पायथ्यापर्यंत जायची. पुढं माळापर्यंतचा चढ दोरानं ओढत न्यावा लागे. बा सगळा चढ पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवून चालला, आपण त्याला शेतावरून परत आणतोय अशा चालीनं.

थंडीच्या शेवटी पाखऱ्याचा पुढचा गुडघा सुजला होता. आमच्याकडं गुरांना सुया टोचत फिरणारा एक माणूस होता, तो सुजेवरचं नेहमीचं इंजेक्शन घेऊन आला. मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले. ते इंजेक्शन टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडं मरतात, हे मला तोवर पाठ झालं होतं. मी गावातल्या घराघरांत जाऊन तेच सांगत होते. मग माझ्याच गोठ्यात कसं टोचू द्यायचं?

बानं एवढंच विचारलं, "यशवंता म्हणतो का असं?"

"हो."

"मग राहू दे."

आम्ही तालुक्याहून दुसरं औषध आणलं. सूज उतरली, परत चढली आणि एका सकाळी पाखऱ्या उठलाच नाही. त्या इंजेक्शनानं तो वाचला असता की नाही, हे कुणी सांगू शकत नव्हतं. कातड्याचा व्यापारी दारात येऊन उभा राहिला, तर बानं त्याला परतवून लावलं आणि मला म्हणाला, "तुझ्या पाखरांना घेऊन जा."

यशवंतदादा माळावर वाट बघत उभा होता. तो आमच्या धारवणीतला भोयांचा मुलगा. आमच्या पाड्यांतून विज्ञान शिकायला गेलेला पहिला. प्राणिशास्त्राची मोठी पदवी घेऊन तो शहरात राहिला नाही, गावात परत आला. आम्हा कॉलेजातल्या पोरांना गोळा करून त्यानं गट बांधला. सुरुवातीला आम्ही बरेच होतो. मेलेली ढोरं ओढायची म्हटल्यावर एकेक जण गळाला. माझ्या मैत्रिणी माझ्याशेजारी बाकावर बसेनात, केसांना वास येतो म्हणून. शेवटी टिकलो हिरामण आणि मी. हिरामण बागुल माझ्याच वर्गात होता, अंगानं आडवा, तोंडानं फटकळ.

दादानं बाच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, तुमचा पाखऱ्या आता कड्यावरच्या पिल्लाच्या पोटात जाणार. वाया जाणार नाही."

बानं मान हलवली आणि उतरणीला लागला. त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवंदीच्या जाळीमागं आम्ही तिघं पालथे पडून होतो. ऊन तापायला लागलं तशी गिधाडं एकेक करून वर आली, मोठे पंख पसरून, न फडफडता. पहिलं उतरलं तेव्हा दादानं माझ्या हातात दुर्बीण दिली. "तू बघ आधी. तुझ्या घरचं आहे."

तो असा होता. असं काही बोलायचा की माणूस पुढचं वर्षभर त्याच्यासाठी राबायला तयार व्हायचा.

सुळ्याच्या कड्यावर, खालून न दिसणाऱ्या एका कपारीत, त्या साली घरटं होतं. त्यात एकच पिल्लू. आम्हा तिघांशिवाय ही जागा कुणालाच माहीत नव्हती. दादाचा नियमच होता. जागा कुणाला सांगायची नाही, घरच्यांनाही नाही. आपल्या मोबाइलवर फोटो काढायचा नाही, एका हातातून तो शंभर हातांत जातो. फोटो काढायचे ते दादाच्या कॅमेऱ्यात, आणि ते त्याच्याकडेच राहणार. पलीकडच्या खोऱ्यात फोटो काढणाऱ्यांनी दगड मारून मादीला अंड्यावरून उठवलं होतं, ते त्यानं आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की ते दगड आम्हीच खाल्ल्यासारखं वाटायचं.

"पिल्लू उडेस्तोवर तोंड बंद," तो म्हणायचा. "त्याचं संरक्षण म्हणजे आपली गप्प बसायची ताकद."

त्याच महिन्यात सुळ्यावर खडीची खाण होणार असल्याची कुणकुण लागली. नवा हमरस्ता व्हायचा होता, त्याला खडी लागणार होती. अनोळखी गाड्या पायथ्याशी थांबायला लागल्या. माणसं उतरायची, दगड उचलून बघायची. गावातली काही पोरं खूश होती, घराजवळ काम मिळेल म्हणून. मी आणि हिरामण दादाकडं धावलो.

त्याची आई, बुधीकाकू, ओसरीवर नागली पाखडत होती. दर रविवारी डोंगरावरून उतरल्यावर आम्ही तिच्याच हातची भाकरी खायचो. दादा आतून आला. आमचं ऐकून घेतलं.

"जनसुनावणी होणारे," तो म्हणाला. "शाळेच्या मैदानावर. जिल्ह्याचे साहेब येतील. मी बोलणार आहे."

"आम्ही पण बोलतो," हिरामण म्हणाला. "गावात आधी सगळ्यांना सांगू का? म्हणजे लोक तयार राहतील."

"नको. आधीच बोललं तर ते लोक हुशार होतील. कड्यावर कुणाला तरी पाठवतील. आपल्याकडं सगळी निरीक्षणं आहेत, फोटो आहेत. मी एकदाच, साहेबांसमोर सगळं ठेवतो. तोवर कुणी तोंड उघडायचं नाही."

बुधीकाकू सुपातून मान वर न करता म्हणाली, "पोरांनो, भाकरी खाऊन जा."

आम्ही खाल्ली. परत येताना हिरामण शीळ घालत होता.

सुनावणीच्या दिवशी मैदानावर मंडप घातला होता. निळ्या खुर्च्या, थंड पाण्याचे जार, वर स्टेजवर पांढरी चादर घातलेलं टेबल. अख्खी धारवणी आली होती. बा बायकांच्या मागं, मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता. स्टेजवर जिल्ह्याचे साहेब, त्यांच्या बाजूला कंपनीची माणसं आणि शेवटच्या खुर्चीवर यशवंतदादा, पांढऱ्या इस्त्रीच्या शर्टात.

"दादाला वर बसवलंय बघ," हिरामणनं मला कोपरानं ढोसलं. "म्हणजे ऐकावंच लागणार त्यांना."

कंपनीच्या माणसानं रस्ता, रोजगार, झाडं लावणं असं बरंच सांगितलं. मग दादाचं नाव पुकारलं. हिरामणनं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या.

"मी याच डोंगरात वाढलो," दादानं सुरुवात केली. "गेली काही वर्षं गावातल्या मुलांना घेऊन इथल्या गिधाडांचा अभ्यास करतोय. आमच्या माळावर गिधाडं खायला उतरतात, ही गोष्ट खरी आहे. पण सुळ्याच्या कड्यावर त्यांची वीण होत नाही. त्यांची घरटी पलीकडच्या खोऱ्यात आहेत."

हिरामणचे हात तसेच राहिले.

"मुद्दाम बोलतोय," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "एवढ्या गर्दीत जागा कशी सांगेल? साहेबांना बाजूला घेऊन सांगणार असेल."

मलाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर मला तसंच वाटायला हवं होतं. मी त्याच्या पुढच्या वाक्याची वाट बघत बसले. दादा पाणी प्यायला आणि म्हणाला, "त्यामुळं अभ्यासक म्हणून या खाणीला माझी हरकत नाही."

मग तो खाली बसला आणि कंपनीच्या माणसानं त्याच्याकडं वाकून काहीतरी म्हटलं, तर तो हसला. ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. आम्ही काही चांगलं करून दाखवलं की तो तसंच हसायचा.

साहेबांनी विचारलं, "कुणाला काही म्हणायचंय?"

मी उठले. हातात माइक आला तो गरम लागला.

"साहेब, कड्यावर घरटं आहे. त्यात पिल्लू आहे. अजून उडायला लागलेलं नाही."

"नाव काय तुमचं?"

"देवकी गावित."

"फोटो आहे का काही?"

"फोटो दादाकडं आहेत. आम्ही त्याच्याच कॅमेऱ्यात काढायचो."

साहेबांनी दादाकडं पाहिलं. माणूस वाईट नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. दादानं माइक जवळ ओढला. आवाज चढवला नाही. नेहमी आम्हाला समजावून सांगायचा त्याच आवाजात तो बोलला.

"देवकी आमच्या गटातली कष्टाळू मुलगी आहे. मनापासून काम करते. पण लांबून बघताना नव्या मुलांचा गोंधळ होतो. कड्यावर घारीचं घरटं आहे, ते तिनं पाहिलं असणार. अजून घार आणि गिधाड यांतला फरक कळायला तिला थोडा वेळ लागेल."

मंडपात हशा पिकला. बायकासुद्धा हसल्या. घार आणि गिधाड यांतला फरक आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो.

"ठीक आहे," साहेब म्हणाले, "जागा दाखवू शकाल का तुम्ही?"

मी दादाकडं पाहिलं. त्याला घाम फुटला असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. तो शांतपणे माझ्याकडंच बघत होता, आणि त्या नजरेत मला सगळं कळलं. एवढ्या लोकांत, कंपनीच्या माणसांसमोर, खाणीची वाट बघत मोटारसायकलींवर बसलेल्या पोरांसमोर मी त्या कपारीकडं बोट दाखवणार नाही, याची त्याला खात्री होती. मला तसं त्यानंच घडवलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

"का?"

"पिल्लू उडेपर्यंत जागा कुणाला सांगायची नाही, असं ठरलंय."

"कुणी ठरवलंय?" मागून कुणीतरी ओरडलं आणि परत हशा झाला.

मी नाव घेतलं नाही. माइक परत दिला आणि खाली बसले. शेजारी हिरामण मान खाली घालून मंडपाच्या सतरंजीतला एक धागा ओढत होता. तो उठला नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याचा दादा नुकताच त्याच्यासमोर मेला होता, त्याला उठायला वेळ लागणार होता.

संध्याकाळी बा घरी आला, चूळ भरली आणि चुलीपुढं बसला. आईनं चहा दिला. बराच वेळ तो रिकाम्या दावणीकडं बघत राहिला.

"तुला घार कळत नाही म्हणला तो?"

"हो."

"लोकांत म्हणला."

"हो, बा."

त्यानं कपातला चहा बशीत ओतला. प्यायला नाही. "तवाच पाखऱ्याला ते इंजेक्शन देऊन टाकायला पायजे होतं मी," तो म्हणाला आणि उठून गोठ्यात गेला.

त्या रात्री मी जेवले नाही. पुढचे काही दिवस दादा गावात दिसला नाही. फोन लावला तर बंद. मला त्याला एकच गोष्ट विचारायची होती, पण ती काय आहे हे नीट शब्दांत बसत नव्हतं.

मग एका सकाळी सुळ्याच्या माथ्यावरून यंत्राचा आवाज आला. दगड किती कठीण आहे ते बघायला कंपनीनं भोकं पाडायचं मशीन वर चढवलं होतं. घरटं नाही असं सांगितलेलंच होतं, मग त्यांना कोण अडवणार? मी निघाले तर पायवाटेवर हिरामण भेटला. तोही तिकडंच पळत होता. आम्ही बरोबरच पळत सुटलो.

कड्यासमोरच्या सोंडेवर पोहोचलो तेव्हा दोन्ही गिधाडं आकाशात घिरट्या घालत होती. खाली उतरत नव्हती. मशीन सुरू झालं की कड्याच्या कडेवरून बारीक दगडं आणि माती घरंगळत यायची. दुर्बीण नव्हती, पण कपार रिकामी आहे हे मला तसंही दिसलं.

आम्ही खाली उतरून कारवीच्या झुडपांत शिरलो. पिल्लू पायथ्याच्या दगडांत सापडलं. पिल्लू म्हणायचं एवढंच, कोंबड्यापेक्षा कितीतरी मोठं झालं होतं. मान अजून पांढऱ्या लवेची. एक पंख बाजूला लोंबत होता. मी जवळ गेले तशी त्यानं चोच उघडून फिसकारलं.

हिरामण परत सोंडेवर चढला, तिथं फोनला रेंज यायची. त्यानं वनखात्याचे रेंजर शिंगाडेसाहेब यांना फोन लावला. खाली आला तेव्हा म्हणाला, "दौऱ्यावर आहेत. येतो म्हणाले, पण दुपार होईल."

"तोवर हे जगणार नाही."

"तालुक्याला नेऊ."

"एसटीच दुपारची आहे."

आम्हा दोघांच्याही मनात एकच नाव होतं. मोडलेला पंख बांधू शकेल असा त्या डोंगरात एकच माणूस होता.

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही," हिरामण म्हणाला.

"मग मी नेते."

त्यानं अंगातला शर्ट काढून पिल्लाभोवती गुंडाळला. पण माझ्याकडं दिलं नाही. उघड्या अंगानं, ते छातीशी धरून, तो माझ्यापुढं चालत राहिला.

बुधीकाकू ओसरीवरच होती. आम्हाला बघून तिनं सूप बाजूला ठेवलं. "यशवंता," तिनं हाक मारली. तो घरी होता.

दारात आला तो तोच पांढरा शर्ट घालून, कुठंतरी निघायच्या तयारीत. त्यानं आमच्या तोंडाकडं पाहिलं नाही. हिरामणच्या हातातल्या गाठोड्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "डोकं झाक आधी त्याचं. घाबरतंय."

आई गं, त्या आवाजानं मला रडूच आलं. तोच आवाज होता.

त्यानं दारातली चटई ओसरीवर अंथरली. बुधीकाकूनं न सांगता जुनं लुगडं फाडून पट्ट्या केल्या. मी पिल्लाचे पाय धरले, त्यानं शिकवलं होतं तसेच, बोटांमध्ये बोट घालून. त्यानं मोडलेल्या हाडावरून हलकेच बोट फिरवलं, बांबूची पातळ कांब लावली. पिल्लाला ओकारी आली आणि ते सगळं कुजकट त्याच्या शर्टावर सांडलं. तो मागं सरला नाही.

"दादा," मी म्हटलं, "हे काय आहे?"

"पंख वर धर."

मी धरला. "घार आहे का?"

पट्टी फिरवता फिरवता त्याचे हात थांबले. बुधीकाकूनं माझ्याकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. ती सुनावणीला आली नव्हती. तिला कुणी सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही.

त्यानं गाठ मारली. पिल्लाच्या चोचीत पाण्याचे थेंब सोडले. मग बाहीनं कपाळ पुसून, पिल्लाकडंच बघत बोलायला लागला.

"डोंगर जाणारच होता, देवकी. मी आडवा पडलो असतो तरी गेला असता. रस्त्याचं काम थांबत नसतं. त्या बदल्यात ते पलीकडच्या खोऱ्यात केंद्र काढून देणार होते. कायमचं. गिधाडांचा दवाखाना, कुंपण, माणसं. मी सांभाळणार होतो. एक कडा देऊन बाकीचे वाचवत होतो मी."

"आम्हाला का नाही सांगितलंस?" हिरामणनं अंगणातूनच विचारलं. तो ओसरीवर चढला नव्हता.

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं."

"मग?"

मी म्हटलं, "घरटं नाही म्हणालास ते म्हणालास. पण मला तू..."

त्याला कळलं. पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडं पाहिलं. "तिथं दुसरं काही सुचलं नाही," तो म्हणाला.

एवढंच. मी आणखी काहीतरी येईल म्हणून थांबले, तर रस्त्यावर जीपचा आवाज आला.

"कोण आहे?"

"शिंगाडेसाहेब," हिरामण म्हणाला. "मीच फोन केला होता. पाड्यावर विचारत विचारत आले असतील."

दादा झटकन उठला. मग परत माझ्यापाशी बसला आणि आवाज खाली आणला. "देवकी, ऐक. त्यांना सांग, तुम्हीच बांधलं. पिल्लू कुठं सापडलं तेही सांग, माझी ना नाही. फक्त मला यात आणू नको. मी घरी नव्हतो. मी तुला बांधायला शिकवलंय, खोटं वाटणार नाही."

तो आत गेला. बुधीकाकू जागची हलली नाही.

शिंगाडेसाहेब घाईत आले होते. चटईपाशी उकिडवे बसून त्यांनी पिल्लू पाहिलं, आमची हकिकत ऐकली. मग डोकं खाजवत म्हणाले, "हे बघा, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण उद्या कंपनी म्हणेल, पलीकडच्या खोऱ्यातून कुणीतरी आणून इथं टाकलं. सुनावणीत तुमच्याच माणसानं सांगितलंय, इथं वीण होत नाही. त्याच्यापुढं माझं काय चालणार?" त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "हे कुणी बांधलंय? चांगलं बांधलंय."

हिरामण माझ्याकडं बघत होता. बुधीकाकूही बघत होती. तिच्या हातात लुगड्याची उरलेली पट्टी होती, ती ती बोटाभोवती गुंडाळत होती, सोडत होती. त्या हातच्या किती भाकरी मी खाल्ल्या होत्या.

दादाला आम्ही आलेलो बघून दार लावता आलं असतं, हेही मला त्या क्षणी आठवलं. त्यानं लावलं नव्हतं.

"यशवंतदादानं बांधलं," मी म्हटलं. "तो आत आहे. हे पिल्लू कुठल्या कपारीतलं, ते त्यालाही माहीत आहे. फोटो त्याच्याकडंच आहेत."

साहेबांनी आतल्या अंधाराकडं बघून हाक मारली. थोड्या वेळानं दादा दारात आला. शर्ट बदलायला त्याला वेळ मिळाला नव्हता. बुधीकाकू उठली, त्याच्या बाजूनं आत गेली आणि नंतर कितीतरी वेळ आतून तांब्या घासल्याचा आवाज येत राहिला.

शिंगाडेसाहेबांनी त्याला काही रागावून विचारलं नाही. "कॅमेरा आणता का?" एवढंच म्हणाले. त्यानं आणून दिला.

सुळ्यावरचं मशीन आठवड्यात उतरलं. खाण पुढं दुसऱ्या तालुक्यातल्या डोंगरावर गेली. तिथं कड्यावर काय होतं, ते बघायला कुणी होतं की नाही, मला कधीच कळलं नाही. गावातल्या खाणीची वाट बघणाऱ्या पोरांनी आमच्या घरावर दोनदा दगड मारले. पलीकडच्या खोऱ्यातलं केंद्र अर्थातच झालं नाही. पिल्लू वनखात्यानं पक्ष्यांच्या एका लांबच्या दवाखान्यात नेलं. ते जगलं, पण उडालं नाही. मी एकदा जाऊन बघून आले. जाळीच्या मोठ्या खोलीत, ओंडक्यावर बसलं होतं, पूर्ण वाढलेलं. माझ्याकडं बघून त्यानं फिसकारलंसुद्धा नाही.

आता मी तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कामाला आहे. हिरामणनं डोंगर सोडला तो सोडलाच. सुरतेकडं ट्रक चालवतो. भेटला की सगळं बोलतो, हे सोडून. बुधीकाकू पुढं कित्येक वर्षं जगली, पण माझ्याशी बोलली नाही. विहिरीवर मी असले की घागर रिकामी घेऊन परत जायची. आईनं एकदा समजूत घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "पोरगी खरं बोलली. मला कुठं नको म्हणायचंय? पण माझ्या ओसरीवर बोलली."

दादा पावसाळ्याआधीच गाव सोडून गेला. मी कॉलेजला निघाले होते, तेव्हा तो फाट्यावर उभा होता, एक पत्र्याची पेटी आणि खांद्याला पिशवी. आम्ही दोघंच होतो. मला पुढच्या फाट्यावर चालत जाता आलं असतं, पण मी थांबले.

तो म्हणाला, "मी तुला दार उघडलं होतं, देवकी."

"हो," मी म्हटलं.

त्याला मी आणखी काही बोलावं असं वाटत होतं. माफी मागावी, की भांडावं, मला सांगता येणार नाही. मी वळणाकडं बघत राहिले.

"पिल्लू कसंय?"

"जगलं."

त्यानं मान हलवली. वळणावरून एसटीचा आवाज यायला लागला, तेव्हा तो घाईघाईनं, माझ्याकडं न बघता म्हणाला, "ते घरटं तूच शोधलं होतंस. मी त्या कड्यावरून कितीदा दुर्बीण फिरवली होती, मला दिसलं नव्हतं. अंड्यावरची मादी तूच मला दाखवलीस."

मी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. ऐकायला कुणीही नव्हतं.

"ते मंडपात सांगायचं होतं, दादा," मी म्हटलं.

एसटी थांबली. तो पुढं झाला, पण पेटी जड होती, त्याला एकट्याला पायरीवर चढवता येईना. कंडक्टर आतून ओरडायला लागला. मी खालून हात लावला, पेटी वर सरकवली आणि बाजूला झाले. माझ्या कॉलेजची एसटी तीच होती. मी तिच्यात चढले नाही.